सेतुमामांचा इफ्ताह

सेतुमामांसमोर मोठ्यानं बोलणं धोक्याचं होतं. आमच्या तमिळ गावात टाउन बसचा कंडक्टर "पोलाम, रैट!" म्हणजे "चला, जाऊ द्या!" असं ओरडला की मामा डोळे मिटून म्हणत, "खर्ज उत्तम. रविवारी चर्चमध्ये गायला ये." अशानं त्यांनी कंडक्टर, एक इडलीवाली आणि आमच्या शाळेचे रागीट हेडमास्तर जमवले होते.

मामा आमचे शेजारी. घरी नेमानं पूजा करणारे, शाळेत फिडल शिकवणारे. मायदेशी परतणाऱ्या एका पाद्र्यानं त्यांना जुन्या ओरातोरिओची स्वरलिपी दिली. ओरातोरिओ म्हणजे बायबलमधली गोष्ट नाटकासारखी, पण नुसती गाऊन सांगायची. मामांनी ती तमिळमध्ये बसवायला घेतली. नातलग चिडले, तर म्हणाले, "षड्जाची जात कोणती, तेवढं सांगा!"

गोष्ट इफ्ताहाची. लढाई जिंकलो तर घरातून जे पहिलं सामोरं येईल त्याचा बळी देईन, असा तो नवस बोलतो. आणि सामोरी येते त्याची एकुलती एक मुलगी. मामा इफ्ताह, मी मुलगी.

तालमीत कुणी चुकलं की मामा फक्त म्हणत, "आगट्टुं, पुन्हा!" म्हणजे असू दे, पुन्हा. इडलीवालीचं पीठ आंबून वर आलं तरी "पुन्हा!" मला रडू आलं तर दटावत, "स्वर रडतोय ना? मग तू कशाला?"

प्रयोगाला चर्च भरलं. मी डफ वाजवत, गात पुढं आले. मामांनी तोंड उघडलं, आवाजच फुटेना. मग म्हणाले, "आगट्टुं, पुन्हा." मी मागं जाऊन पुन्हा आले. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मात्र ते गायले, आणि शेवटपर्यंत गायले.

नंतर मी विचारलं, "मामा, शब्द विसरलात?"

"विसरलो नाही गं. बोललेला शब्द मोडता येतो, हे त्या बापाला कुणी सांगितलंच नाही."

तेव्हा मला कमळा आठवली. मामांची मुलगी. ख्रिस्ती कंपाउंडरशी लग्न करून ती ओरत्तनाडूला गेली, त्या दिवशी मामांनी देवापुढं शपथ घेतली होती: तिचं तोंड बघणार नाही, तिच्या घरचं पाणी पिणार नाही. त्यानंतर त्या घरात तिचं नाव निघालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा आमच्या दारात आले. "चल, ओरत्तनाडूची बस धरू. एकट्याला धीर होत नाही."

कमळानं दार उघडलं. मामांनी चपला काढल्या, ओट्यावर बसले.

"बाळ," ते म्हणाले, "तहान लागलीय."