संगीत ‘नवी कोरी’

“नाटकाचं नाव? त्यात काय मोठं! अरे, सुरतेत सेलमधल्या साडीलासुद्धा नाव असतं. आपल्या नाटकाला मिळणार नाही होय?”

सुरतेतल्या लिंबायत या खानदेशी वस्तीत, चहाच्या टपरीवर हिलाल मास्तर हे सगळ्यांदेखत बोलून गेला. मास्तर म्हणजे शाळेतला नव्हे, लूमवरचा. बंद पडलेले साचे, म्हणजे माग, चालू करणारा. दोन डझन साचे एकदम खडखडत असले, तरी त्यातला कुठला कुरकुरतोय हे त्याला आवाजावरून कळायचं. घरात बायको गप्प का आहे, हे कळायला मात्र त्याला टीव्ही बघावा लागला.

त्याचं असं झालं. साडी कामगारांवर माहितीपट काढायला मुंबईहून काही मंडळी आली होती. हिलालने त्यांना साचे दाखवले, चहा पाजला, रोज इस्त्रीचा शर्ट घालून कॅमेऱ्यापुढे उभा राहिला. रविवारी दुपारी दूरदर्शनवर पिक्चर लागलं तेव्हा हिलालचा फक्त हात दिसला. चहाचा कप धरलेला! बाकी सगळीकडे त्याची बायको, पुष्पाबाई. दारात बसून साड्यांच्या मागचे लोंबते धागे कातरीने कापणारी, कापता कापता गावाकडच्या कानबाई देवीची गाणी म्हणणारी. आणि शेवटी कॅमेऱ्याकडे बघून ती अगदी सहज बोलली, “इतल्या साड्या मन्हा हातखालथून गयात, पन नवी कोरी एक बी अंगवर उनी नही.”

सगळ्या देशाने ऐकलं. देशाचं जाऊ द्या हो, दोंडाईच्याने ऐकलं! दोंडाईचा म्हणजे हिलालची सासुरवाडी. दुसऱ्याच दिवशी मेहुणा एसटीतून उतरला आणि भर गल्लीत म्हणाला, “दाजी, बहिणीले एक साडी मी लई देऊ का?”

हिलालला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. तो तडक बाजारात गेला आणि साडी घेऊन आला. पुष्पाबाईने ती उलटी केली, काठ बघितला आणि शांतपणे घडी घालून परत दिली. “हाई मी मागला महिनामां कापेल शे.”

झालं! सुरतेतल्या निम्म्या साड्या हिच्या कातरीखालून गेलेल्या. हिला नवी वाटेल अशी साडी आणायची तरी कुठून? शिवाय ती चारचौघांत द्यायला हवी होती. बदनामी पडद्यावर झाली होती, तर भरपाई रंगमंचावर. म्हणून हिलालने ठरवलं: माहितीपटाचं संगीत नाटक करायचं. ते श्रावणात कानबाई बसते त्या रविवारी मांडवात लावायचं. शेवटच्या प्रवेशात नवरा बायकोला अपूर्व साडी देतो, आणि नाटक संपताच तीच साडी खऱ्या पुष्पाबाईच्या हातात! हा बेत त्याने फक्त गजेंद्रला सांगितला. गजेंद्र पेटी वाजवायचा, गाणी लिहायचा, आणि पोटात काही ठेवायचं नाही असा त्याचा लौकिक होता. पण दुसरा पेटीवाला वस्तीत नव्हता.

नाटक भराभर उभं राहिलं. माहितीपटातल्या निवेदकाचा जाड आवाज गजेंद्रने सूत्रधाराला दिला. साच्यांच्या खडखडाटावर कोरस बसवला. खलनायक नव्हता, म्हणून ‘लाइट’ हेच पात्र केलं. ते ऐन गाण्यात निघून जायचं आणि लोक त्याला शिव्या घालायचे. नवरा अर्थातच हिलाल. बायकोच्या भूमिकेत त्याची कॉलेजात जाणारी पुतणी, नूतन.

अडलं ते नावावर.

गजेंद्र म्हणाला, “अश्रूंची जरी!”

“रडकं.”

नूतन म्हणाली, “साडी सुपरहिट!”

“हे नाटक आहे की सेल?”

“मग तुम्हीच सांगा ना, काका!”

“पतीचं प्रेम,” हिलाल घसा साफ करत म्हणाला.

 गजेंद्रला खोकल्याची उबळ आली.

तिकडे पेंटरने फळ्यावर ‘संगीत’ एवढंच रंगवून ठेवलं होतं. रंग वाळला, तरी खाली काही येईना. येणारे-जाणारे विचारू लागले, इथे पेटीचा क्लास निघाला का? हिलालची झोप उडाली. टपरीवरची बढाई आठवली की जेवण गोड लागेना. आणि साडीचाही पत्ता नव्हता.

शेवटी तो गजेंद्रला घेऊन भाईदास शेठच्या दुकानी गेला. भाईदास साड्यांचा मोठा व्यापारी, मांडवाला दरवर्षी कापड देणारा. “शेठ, अशी साडी द्या, जी बाजारात कुणी बघितली नसेल. नवी पाहिजे. नवी कोरी!”

“सापडलं!” गजेंद्र गादीवरून उडालाच. “मास्तर, नाव सापडलं! संगीत नवी कोरी!”

हिलालच्या डोळ्यांत पाणी आलं. शेठने नाटकाची सगळी हकिगत विचारून घेतली. मग आतून एक साडी काढली. केशरी जमीन, त्यावर हिरवेगार पोपट! “सँपल छे, हिलालभाई. आखा मार्केटमां बीजो पीस नथी!”

शेठ खोटं बोलला नाही. त्या घटकेला दुसरा पीस खरंच नव्हता. पण सुरतेत जन्म घालवलेल्या हिलालला एवढं कळायला हवं होतं, की सँपल आज असतो आणि उद्या त्याचा लॉट होतो. सिनेमा शुक्रवारी लागला की सोमवारी त्याच्या नावाची साडी निघते, असं हे शहर! आणि इथे तर नाव आणि नाटक दोन्ही आयतं दुकानात चालत आलं होतं. पण हिलाल आनंदात होता. “पडदा पण हुं आपीश,” म्हणत शेठने पडद्याचं कापडही देऊ केलं, तेव्हा तर तो त्याच्या पायाच पडला.

साडी पेटीच्या खोक्यात लपवली. रोज संध्याकाळी तालीम. घरी यायचा तेव्हा दारात साड्यांच्या गठ्ठ्यांचा ढीग असायचा आणि पुष्पाबाई कातर चालवत असायची. आचारी घरच्या डाळीकडे बघत नाही, तसं हिलालने त्या ढिगाकडे कधी पाहिलं नाही. एकदा तेवढं तिने विचारलं, “नाटकनं नाव काय ठेवं?”

“तेव्हाच कळेल!” हिलाल म्हणाला. ती हसली. हिलालला वेगळीच शंका आली. गजेंद्र पचकला की काय?

कानबाईचा रविवार उजाडला. कानबाईला बाईने नवं नेसायचं, ही रीत. पुष्पाबाई दरवर्षी लग्नातली जांभळी साडीच धुऊन नेसायची. दिवेलागणीला लोक जमू लागले. हिलाल चेहऱ्याला रंग लावून दर्शनी पडद्याच्या फटीतून बघत होता. पहिली आली शेजारची मालतीबाई. केशरी साडी, हिरवे पोपट!

हिलालने स्वतःला समजावलं: असेल, एखादी सारखी असेल. मागून भागीरथी आली. पोपट! तिच्या दोघी सुना आल्या. पोपट, पोपट! बघता बघता सगळा मांडव पेरूची बाग झाला.

“गजेंद्र!” हिलालने किंकाळी फोडली. “तू बोललास!”

“देवाशपथ नाही!” गजेंद्रने एका बाईच्या पदराला राहिलेलं लेबल दाखवलं. त्यावर ठळक छापलं होतं: नवी कोरी. “शेठने कानबाईसाठी वस्तीत खास स्वस्तात लावली. मास्तर, साडी बदलू या!”

“कुठून? सगळ्या वस्तीत तीच आहे! आणि तुझ्या गाण्यात पोपट आहेत ना!”

होते. धृपदातच होते.

“मग साडी देतानाचा तो डायलॉग तरी बदला!”

तेवढ्यात शेठने दिलेला मागचा पडदा लागला. पडदाही त्याच कापडाचा. केशरी, हिरवे पोपट!

नाटक सुरू झालं. ‘लाइट’ने टाळ्या घेतल्या, कोरस खडखडला. हिलाल मात्र सारखा शेवटच्या प्रवेशाकडे बघत होता, जसा बोकड सुरीकडे बघतो. अखेर तो आलाच. नूतन नवी साडी नेसून पडद्यासमोर उभी राहिली, आणि नाहीशी झाली! पोपटांत पोपट मिसळले. उरले ते फक्त तोंड आणि दोन हात.

“काका,” ते तोंड घाबरून कॉलेजातल्या गुजरातीत कुजबुजलं, “हुं तो देखाती ज नथी! दिसतच नाही मी!”

हिलालला नवा डायलॉग सुचेना. घाम फुटला, रंग ओघळला आणि घोकलेलं तेच तोंडातून बाहेर पडलं, “सखे! अशी साडी अख्ख्या सुरतेत दुसरी नाही!”

 केशरी मांडव असा हसला की कनाती हलल्या. मालतीबाई पदर तोंडात कोंबून लोळायचीच बाकी राहिली. मेहुणाही पहिल्या रांगेत मांड्या बडवत होता. हिलालला वाटलं, आता दोंडाईचा आपल्याला सात पिढ्या विसरणार नाही. पण ठरल्याप्रमाणे गजेंद्रने पुकारा केलाच, “पुष्पावहिनींनी मंचावर यावं!”

ती आली. सगळ्या मांडवात एकटीच वेगळी, तिच्या त्या जुन्या जांभळ्या साडीत. नूतन आत जाऊन साडी बदलून, पोपटांची घडी घेऊन आली. हिलालने ती घडी दोन्ही हातांनी पुढे धरली. मान वर करायचा धीर नव्हता.

“माहीत आहे,” तो पुटपुटला. “हीसुद्धा तू कापलेली असशील.”

पुष्पाबाईने साडी उलटी केली. काठ बघितला, पदर बघितला. मागच्या बाजूला धागेच धागे लोंबत होते.

“नही,” ती म्हणाली. “पुरा बठ्ठा लॉट मी कापेल शे. लेबलं बी मीच लावात. पन हाऊ सँपल शे. हाई एकच मन्हा हातखालथून गई नही.” तिने लोंबत्या धाग्यांवरून बोटं फिरवली. “माले हाई नवीच शे.”

 मालतीबाईने तोंडातला पदर काढून डोळ्यांना लावला. मेहुणाही नाक ओढू लागला. हिलालला तर एवढं भरून आलं, की त्याने बायकोच्या कमरेला सदा खोचलेली कातर घेतली आणि सगळ्यांसमोर जाहीर केलं, “आज धागे मी कापणार! तू बस!”

“तुमले जमाव नही,” पुष्पाबाई घाईने म्हणाली. “सबूर!”

पण टाळ्या पडत होत्या, आणि टाळ्या पडल्यावर हिलाल कधी थांबला होता? त्याने पहिला धागा धरला, कातर चालवली, आणि पदरावरच्या सगळ्यात मोठ्या पोपटाचं डोकं धाग्यासकट हातात आलं.

पुष्पाबाईने त्या भोकातून नवऱ्याकडे पाहिलं. अशी साडी आता खरोखरच अख्ख्या सुरतेत दुसरी नव्हती.