नौकरीची शंभर टक्के हमी

वेलांटीसाहेब हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. वर्तमानपत्राच्या कचेरीत बावीस वर्षं मुद्रितं तपासताना त्यांनी ऱ्हस्व-दीर्घावरून संपादकापासून शिपायापर्यंत सगळ्यांशी भांडण काढलं, तेव्हा पडलेलं. दर आठवड्याला त्यांच्या टेबलावर बारटेंडिंग शाळेची एक जाहिरात यायची. ‘सहा आठवड्यांत बारटेंडर व्हा. नौकरीची शंभर टक्के हमी.’ साहेब लाल शाईने ‘नौकरी’ची ‘नोकरी’ करायचे. पुढच्या आठवड्यात पुन्हा नौकरी, पुन्हा नोकरी. अशी नऊ वर्षं. हमी खरी की खोटी, हे तपासायला त्या कचेरीत कुणाची नेमणूक नव्हती. (असती तर पुढच्या आठवड्यात जाहिरात आली नसती, आणि मालकाला ती हवी होती.)

पुढे मालकाने चुका दुरुस्त करणारा संगणक आणला आणि वेलांटीसाहेब घरी बसले. पंधरा दिवस छताकडे बघून झाल्यावर त्यांना ती जाहिरात आठवली. नऊ वर्षं आपण स्वतः दुरुस्त केलेलं वाक्य खोटं असेल, हे त्यांच्या मनातही आलं नाही.

“अहो, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी दारू ओतायला शिकणार?” बायकोने विचारलं.

“नुसती ओतायला नाही. ते शास्त्र आहे.”

“आणि फी?”

साहेबांनी तिच्या शिलाई मशीनकडे पाहिलं. त्या मशीनवर सध्या घर चाललं होतं.

“पहिल्या पगारात परत आणतो. शंभर टक्के लिहिलंय.”

“कुणी लिहिलंय?”

“त्यांनी. पण तपासलंय मी.”

मशीन गेलं. बायको शेजारणींचे कपडे हाताने शिवू लागली, आणि साहेब शाळेत जाऊ लागले.

शाळेत दारूचा थेंब नव्हता. बाटल्या खऱ्या होत्या, आत रंगीत पाणी. पिवळं म्हणजे व्हिस्की, तांबडं म्हणजे रम, काळं म्हणजे कॉफीची लिकर. “परवान्याचा प्रश्न आहे,” सर म्हणायचे. माप वापरायचं नाही, बाटली उलटी करायची आणि मनात चार मोजायचे. चार झाले की एक माप. साहेब चार मोजण्यात वर्गात पहिले आले. (वर्गात आणखी दोघेच होते. त्यातला एक फी भरून गेला तो परत आलाच नाही.)

विद्येचा उजेड घरात पडल्याशिवाय थोडाच राहतो? साहेब दूध चार मोजून ओतू लागले, तेल चार मोजून. सासूबाई खोकल्याने हैराण होत्या. त्यांच्या औषधाचा चमचा साहेबांनी फडताळात टाकला आणि बाटली उलटी धरून मोजायला सुरुवात केली.

आठव्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, “जावईबापू, बाटली काही उतरत नाही, आणि माझा खोकलाही.”

“माप बरोबर आहे.”

“अहो, औषध दाट आहे. तुमचे चार होईपर्यंत ते बाटलीच्या तोंडाशी येऊन बाहेर डोकावतं फक्त.”

“चार म्हणजे चार, सासूबाई.”

सासूबाईंनी मुलीकडे पाहिलं. मुलीने सुईत दोरा ओवला.

प्रमाणपत्र मिळालं. (‘प्रशिक्षण’मधला शि दीर्घ होता. साहेबांनी तो घरी येऊन ऱ्हस्व केला.) ते घेऊन साहेब अकरा बारमध्ये फिरले. सगळीकडे एकच प्रश्न : “अनुभव?” साहेब प्रमाणपत्र पुढे करत. समोरचा ते ओला ग्लास ठेवायला घेतो की काय, अशी भीती वाटावी असा बघत असे.

बाराव्या ठिकाणी माणसं कमी पडली होती. मॅनेजर म्हणाला, “दुपारची गर्दी नसते. उभे राहा, बघू.”

साहेब काउंटरमागे उभे राहिले. गिऱ्हाईक आलं, त्याने कॉफीची लिकर मागितली. साहेबांनी बाटली झोकात उलटी केली. एक, दोन, तीन, चार. मॅनेजरने ग्लासातलं मापात ओतून पाहिलं.

“अर्धंच आहे. गिऱ्हाइकाला फसवता होय?”

“चार मोजले मी.”

“अहो काका, ही लिकर आहे, नळाचं पाणी नाही. दाट असते. हे कधी कुणी सांगितलं नाही तुम्हाला?”

सांगितलं होतं. पण ते सांगणाऱ्या बाईकडे प्रमाणपत्र नव्हतं.

“ग्लास विसळता येतात? बर्फाची गोणी उचलता?” मॅनेजरने विचारलं.

“अभ्यासक्रमात नव्हतं.”

“माझ्याकडे तेवढंच आहे. हे सगळे दोन-दोन वर्षं ग्लास विसळून काउंटरमागे आलेत. प्रमाणपत्रवाला यांत एकही नाही. उद्यापासून विसळायला या, पगार देतो.”

ही नोकरी होती. साधी, एक मात्रा असलेली, खरी. पण वेलांटीसाहेब ताठ झाले. “मी प्रशिक्षित माणूस आहे,” ते म्हणाले, काउंटरवरच्या मेन्यूतल्या तीन चुका पेनाने दुरुस्त केल्या आणि निघाले ते थेट शाळेत धडकले.

“हमीचं काय झालं?” त्यांनी टेबलावर हात आपटला.

सर मुळीच रागावले नाहीत. रागावायची सवय त्यांनी फार पूर्वीच सोडली असावी. “हमी म्हणजे हमी,” ते म्हणाले. “तुमच्यासारखे चार मोजणारा आमच्याकडे दुसरा नाही. तुम्ही इथेच शिकवायला या.” आणि पत्र दिलं.

साहेब तरंगत घरी आले. उभ्याउभ्याच त्यांनी वाचून दाखवलं : “‘आपणांस आमच्या शाळेत नौकरी देण्यात येत आहे.’” मग लाल पेन काढून तेवढं दुरुस्त केलं आणि पत्र बायकोच्या हातात दिलं. “मशीन आणू आता.”

बायकोने खालची ओळ वाचली. “‘रुजू होण्यापूर्वी सहा आठवड्यांचा शिक्षक-अभ्यासक्रम सक्तीचा. फी आगाऊ.’ हे वाचलंत?”

“तपासलंय. त्या ओळीत एकही चूक नाही.”

आतून सासूबाई खोकल्या. बायकोने सुई कापडात टोचून ठेवली आणि विकण्यासारखं काय उरलंय म्हणून घरभर नजर फिरवली. मशीनची जागा रिकामी होती. कपाटाचं एक दार निखळलेलं होतं. फिरत फिरत नजर वेलांटीसाहेबांवर येऊन थांबली. चांगली चार मोजेपर्यंत थांबली.

मग पुढे सरकली.