पोपटराव यायचेत

पोपटरावांनी आयुष्यात कुठेही वेळेवर जाण्याचा कमीपणा पत्करला नव्हता. लग्न असो की दहावा, माइकवाला "पोपटराव यायचेत, थोडं थांबा" म्हणायचा आणि सगळं वडगाव रासाई मुकाट थांबायचं. मुहूर्त टळला तरी चालेल, पण पोपटरावांचं भाषण टळता कामा नये, अशी गावाने स्वतःची गत करून घेतली होती. असा माणूस सरपंच व्हायला निघाला यात नवल काहीच नाही. नवल हे, की सरपंच होण्यासाठी तो इटलीतल्या सिसिलीला निघाला.

याला कारण सोपानराव. हे विरोधी पार्टीचे उमेदवार दुबईला जाऊन आले होते आणि उंटावर बसलेला त्यांचा फ्लेक्स चौकात झळकत होता.

"उंटावर कुणीबी बसतंय," पोपटराव बायकोला म्हणाले. "आपण जहाजानं जायाचं. एक बेट, तीन बंदरं, तीन फ्लेक्स!"

परतल्यावर तिसऱ्या दिवशी अर्ज भरायची मुदत संपत होती. कागदपत्रं तयार होती. पोपटरावांचा खरा अर्ज आणि झुंबरबाईंचा डमी. खरा बाद झालाच तर हाताशी असावा म्हणून बायकोच्या नावाने भरायचा, आणि खरा मंजूर झाला की मागे घ्यायचा, तो डमी. पोपटरावांच्या लेखी बायकोचा राजकारणात एवढाच उपयोग.

बॅगेत कपडे कमी आणि तीन शाली, तीन नारळ, एक तयार फेटा असा ऐवज जास्त. प्रत्येक बंदरात तिथल्या महापौरांचा सत्कार करायचा आणि फोटो हौसरावाला धाडायचा, असा बेत होता. हौसराव म्हणजे गावातला त्यांचा उजवा हात. डोकं मात्र दोघांत मिळून एकच होतं, आणि तेही बहुतेक वेळा घरीच राहायचं.

पहिलं बंदर पालेर्मो. "पाचला जहाज सुटेल, साडेचारला आत या," असं गाइडने तीनदा बजावलं. झुंबरबाईंनी आपलं घड्याळ जहाजाच्या घड्याळाशी जुळवून घेतलं. पोपटराव शाल-नारळ घेऊन नगरपालिका शोधायला गेले. महापौर भेटले नाहीत. कसे भेटणार? त्या बिचाऱ्याला आपल्या सत्काराची खबरच नव्हती! दीड तास हातवारे करून झाल्यावर पोपटरावांनी दारावरच्या गणवेशवाल्या पहारेकऱ्यालाच शाल पांघरली. तो नारळ कानाशी धरून हलवत असतानाच फोटो निघाला. "पालेर्मोच्या महापौरांसोबत," असं लिहून त्यांनी तो हौसरावाला धाडलासुद्धा.

सव्वापाचला फोन वाजला.

"आवो, कुठं हाय तुम्ही? जहाज निघालं!"

"निघालं म्हंजी? कप्तानाला सांग, पोपटराव यायचेत."

"सांगितलं की."

"मग?"

"त्यो म्हनला, कोण?"

जहाज समुद्रात गेलं आणि पोपटराव धक्क्यावर राहिले. पासपोर्ट खिशात होता, एवढीच काय ती अक्कल. दुसऱ्या दिवशी सकाळच्या रेल्वेने ते मेसिनाला जहाज गाठायला निघाले.

मेसिनाच्या चर्चशेजारी एक उंच मनोरा आहे. त्यावर घड्याळ, सोनेरी सिंह आणि कोंबडा. रोज दुपारी बाराला सिंह डरकाळी फोडतो, मग कोंबडा आरवतो. झुंबरबाई ते बघायला गर्दीत उभ्या होत्या. तेवढ्यात चुरगळलेले पोपटराव येऊन पोचले.

"एवढी माणसं? कुणाची सभा हाय?"

"घड्याळाची."

सभा म्हटल्यावर पोपटरावांचा थकवाच पळाला. त्यांनी झुंबरबाईंच्या हातातल्या पिशवीतून फेटा काढला आणि फोटोसाठी मोबाइल त्यांच्याकडे देऊन पायरीवर चढले. "मागं गर्दी येऊ दे. थांब, फेटा सरळ करतो."

"आवो, बारा वाजत्यात!"

"वाजू दे की. एक मिन्ट थांब—"

सिंह डरकला. पोपटराव दचकले, फेटा पायऱ्यांवरून गडगडत खाली गेला आणि नेमका त्याच क्षणी फोटो निघाला. त्यात पाचशे माणसं वर बघताहेत आणि पोपटराव ओणवे होऊन फेट्यामागे धावताहेत.

"तुमच्या फेट्यासाठी शिंव्ह बी थांबला न्हाई," झुंबरबाई म्हणाल्या आणि नवऱ्याचं मनगट धरून तासभर आधीच जहाजावर गेल्या.

तिसऱ्या बंदरात, सिराक्यूजला, पोपटराव रुसून केबिनमध्येच झोपले. झुंबरबाई एकट्या जाऊन दगडात कोरलेलं अडीच हजार वर्षांपूर्वीचं नाट्यगृह बघून आल्या. "आपल्या शेजारच्या इनामगावात उकरून काढलेलं गाव ह्येच्याहून जुनं," त्या गाइडला ठणकावून म्हणाल्या. "पर ह्यांनी राखलंय, आन् आपल्याला त्येचं काय बी न्हाई!"

गावी परतल्यावर हौसरावाने सत्कार ठेवला, तो नेमका अर्जाच्या शेवटच्या दिवशी. अकराचा कार्यक्रम, आणि शिरूरला तहसील कचेरीत तीनपर्यंत अर्ज.

"आधी अर्ज, मग हार," झुंबरबाई म्हणाल्या.

"अगं, सायेब थांबत्याल. शिरूर म्हंजी काय इटली हाय व्हय?"

झुंबरबाईंनी आपला डमी पिशवीत घातला आणि सकाळच्या एसटीने निघून गेल्या. इकडे अकराचा सत्कार एकला सुरू झाला. नंतर डीजे लावून मिरवणुकीने अर्ज भरायला जायचं होतं, आणि रस्त्यात उसाचे ट्रॅक्टर! पोपटराव गळ्यात हार घालून कचेरीत पोचले तेव्हा तीन वाजून दहा मिनिटं झाली होती.

"सायबांना सांग, पोपटराव आलेत!"

"दार बंद झालं," शिपाई म्हणाला. "तीनला."

बाकावर झुंबरबाई पोच घेऊन बसल्या होत्या.

"आता माझं काय?" पोपटराव घाबरेघुबरे झाले. या माणसाचा आवाज एवढा बारीक होऊ शकतो, हे हौसरावालाही ठाऊक नव्हतं.

"तुमचं काय? परचार करा की माझा."

केला बिचाऱ्याने. दुसरं करणार काय! तोंड लपवायलाही जागा नव्हती, कारण गावभर फ्लेक्सवर त्याचंच तोंड होतं. झुंबरबाई एकशे चाळीस मतांनी निवडून आल्या.

पहिली ग्रामसभा सकाळी दहाची होती. दहाला झुंबरबाई खुर्चीवर बसल्या. पलीकडची खुर्ची रिकामी होती. माइकवाल्याने सवयीने माइक तोंडाशी धरला. "पोपटराव यायचेत, थोडं थांबा."

झुंबरबाईंनी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि विचारलं, "कोण?"