काठोकाठ भरलेली टाकी

कॉलेजच्या प्रयोगशाळेत जिवंत मरळ आणून दाखवायची, ही टूम सरांचीच. नदीतल्या शिकारी माशांवर त्यांनी सव्वादोनशे पानांचं पुस्तक लिहिलं होतं आणि त्यातलं सगळ्यात लांब प्रकरण मरळीवर होतं. फक्त जिवंत मरळ त्यांनी आयुष्यात कधी हातात धरली नव्हती. ती धरणारा माणूस नात्यातच होता. सरांचे सासरे जन्मभर नदीत जाळं टाकत आले होते.

सासरे सकाळीच ओल्या पोत्यात मासा गुंडाळून प्रयोगशाळेच्या दारात हजर झाले. विजार गुडघ्यापर्यंत दुमडलेली, पायाला चिखल, अंगाला नदीचा वास. नेमके त्याच वेळी प्राचार्य आत बसले होते.

"हे कोण?" प्राचार्यांनी विचारलं.

घरी सर त्यांना 'बाबा' म्हणत. आता तो शब्द त्यांनी टाळला. "हे... मासे आणून देतात," सर म्हणाले.

म्हणताक्षणी त्यांना स्वतःचीच लाज वाटली. सासऱ्यांनी एकदा जावयाकडे पाहिलं आणि काय समजायचं ते समजले. "होय साहेब. कुठं सोडू हिला?"

त्या 'साहेब'ने सरांचे कान तापले.

काचेच्या टाकीत पडताच मरळीने अशी उसळी मारली, की ती थेट प्राचार्यांच्या खुर्चीखाली. तिथून अंग वळवत, सरपटत ती दाराकडे निघाली. मुलं बाकांवर चढली. प्राचार्यही चढले. सासऱ्यांनी पुढे होऊन तिला अलगद उचललं, तेव्हा कुठे सगळे खाली उतरले.

"हे तुमच्या पुस्तकात नव्हतं का?" प्राचार्यांनी कपडे झटकत विचारलं.

"होतं ना," सर पुटपुटले. "चांगलं दोन पानं होतं."

झाली तेवढी शोभा पुरे, असं ठरवून सरांनी हुकूम सोडला. "टाकी काठोकाठ भरा! उसळी मारायला जागाच ठेवायची नाही. वर झाकण, आणि झाकणावर जाड पुस्तकं ठेवा."

"साहेब, वर चार बोटं जागा सोडा," सासरे हळूच म्हणाले. "तिला मधूनमधून वर येऊन..."

"अहो, तुम्ही मासे पकडा. शिकवायचं माझ्यावर सोडा."

मुलं हसली. सासरे कोपऱ्यातल्या स्टुलावर जाऊन बसले. प्राचार्य बघत होते, म्हणून सरांनी खडू उचलला.

मरळ दबा कशी धरते, बेडूक कसा एका घासात गट्ट करते, पिल्लांची राखण नर कसा करतो, हे सांगता सांगता सर रंगात आले. मरळ झाकणाला धडका देऊ लागली. "बघा, आक्रमक स्वभाव!" मग ती शांत झाली. "आता तिने दबा धरलाय." मग ती एका कुशीवर कलली. सर जरा थबकले. "ही... ही विश्रांतीची अवस्था."

पहिल्या बाकावरची मुलगी उभी राहिली. "सर, तुमच्या पुस्तकात लिहिलंय, मरळीला तोंड वर काढून हवा घ्यावी लागते. नाही मिळाली तर ती पाण्यातच बुडून मरते. मग ही आत्ता हवा कुठून घेतेय?"

सरांनी टाकीकडे पाहिलं. पाणी झाकणाला टेकलं होतं आणि झाकणावर सगळ्यात वर त्यांचंच पुस्तक होतं. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्यांना झालं.

"बाबा!" सर ओरडले. "बाबा, धावा!"

सासरे उठलेच होते. पुस्तकं खाली, झाकण बाजूला, आणि मासा ओल्या पोत्यावर. कुणी हलेना. बऱ्याच वेळाने मरळीने तोंड उघडलं, एक मोठा घोट हवा घेतली आणि शेपटी आपटली. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

"बाबा?" प्राचार्यांच्या भुवया वर गेल्या.

"हे माझे सासरे," सर मान खाली घालून म्हणाले. "मघाशी सांगायची लाज वाटली मला. आता त्या लाजेचीच लाज वाटतेय."

प्राचार्य सासऱ्यांकडे वळले. "म्हणजे हे तुमचे जावई!"

सासऱ्यांनी मरळीवर ओंजळभर पाणी मारलं, इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"आहेत खरे. पण नदीवर कुणाला सांगू नका, साहेब. मासा पाण्यात बुडवलाय त्यांनी. मला तिथं अजून तोंड दाखवायचंय."