तादियानं न चुकवलेली मयत

लग्न चुकलं तर एक वेळ चालेल, पण मयत चुकता कामा नये, असं तादियाचं ठाम मत होतं. लग्नातली माणसं पुन्हा कधीतरी भेटतात, मयतीतलं मुख्य माणूस पुन्हा भेटत नाही! अडुसष्ट वर्षांच्या तादियानं गेल्या चाळीस वर्षांत निक्शिच शहरातली आणि भोवतालच्या डोंगरांतली एकही मयत सोडली नव्हती. रोज सकाळी खांबांवर चिकटवलेले मृत्यूचे कागद वाचायचे, दफन किती वाजता आहे ते बघायचं आणि काळा कोट चढवून निघायचं. त्या कोटाची कोपरं वापरून वापरून चकचकीत झाली होती.

"माझ्या मयतीला बघा, अख्खा मुलूख लोटेल!" तो छाती फुगवून सांगायचा. "का नाही लोटणार? मी सगळ्यांकडे जाऊन आलोय!"

आणि एका गुरुवारी सकाळी वहिनीचा, म्हणजे स्तानाचा, फोन आला. वर डोंगरात, बोरोवाच गावी, तादियाचा थोरला भाऊ विलोतिये रात्री झोपेतच गेला होता. दफन शुक्रवारी दुपारी.

आता सांगायलाच हवं. हे दोघे भाऊ अकरा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. भांडण शेताचं नाही, कुरणाचं नाही. भांडण बर्फाचं! अकरा वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीत तादियाची बायको कोसारा गेली, तेव्हा विलोतिये मयतीला आला नाही. दोन दिवसांनी त्याचा फोन आला, "निघालो होतो रे, वाटेत बर्फात अडकलो."

"तुझे शेजारी बसनं आले! ते काय उडत आले?" असं म्हणून तादियानं फोन आपटला, तो कायमचाच. 'आपल्या माणसाला बर्फ ही सबब होऊ शकत नाही' हे वाक्य तेव्हापासून त्यानं प्रत्येक मयतीत, प्रत्येक ओसरीवर ऐकवलं होतं. आणि आज खिडकीबाहेर बर्फ असा कोसळत होता की समोरचं बेकरीचं दुकानही दिसत नव्हतं. त्याला रडू येत होतं आणि रडण्याआधी निघायचं होतं.

"बाबा, लाल इशारा आहे!" मुलगी दुन्या दारात आडवी उभी राहिली.

"लाल, पिवळा... फुटबॉलची मॅच आहे का? आता पंच शिट्टी वाजवणार?"

"हवामान खातं सांगतंय, घराबाहेर पडू नका."

"हवामान खात्याचा भाऊ मेलाय का?"

"अहो, काकू दफन पुढे ढकलतील. जरा थांबा, फोन येईल."

"मेलेला माणूस थांबतो का?"

"या थंडीत? हवा तितका थांबतो!"

हे तोंडातून निसटलं आणि दुन्याच आधी रडायला लागली. तादियानं तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि तेवढ्यात तिच्या बगलेखालून बाहेर सटकला. अडुसष्टाव्या वर्षी हे जमलं याचं त्याला त्या दुःखातही जरा कौतुक वाटलं.

सत्तावीस वर्षांची त्याची लाल गाडी चौथ्या झटक्याला सुरू झाली. शहराबाहेर पोलिसांनी रस्त्यावर आडवा दांडा टाकला होता.

"मागे फिरा, आजोबा. पुढे सगळं बंद आहे," कोवळ्या मिशीचा पोलीस म्हणाला.

तादियानं काच खाली केली. "तू कुणाचा रे?"

त्यानं आजोबांचं नाव सांगितलं.

"त्यांच्या मयतीत मी टोपी काढून दोन तास पावसात उभा होतो. त्या दिवशी मला असंच कुणी अडवलं असतं, तर चाललं असतं तुम्हाला?"

 पोरानं दांडा उचलला आणि दुसरीकडे तोंड करून म्हणाला, "मी तुम्हाला पाहिलंच नाही."

"या बर्फात कोण दिसतंय!" म्हणत तादियानं गाडी दामटली.

पुढे शाव्निक गावाच्या अलीकडे आणखी एक दांडा असणार हे त्याला माहीत होतं, म्हणून त्यानं पठारावरचा जुना रस्ता धरला. दर पंधरा मिनिटांनी दुन्याचा फोन. कुठे पोचलात? गाडीत हीटर चालतोय का? परत फिरता का? अकरा वेळा त्यानं उत्तर दिलं. बारावी घंटा वाजली तेव्हा त्याचं डोकं सणकलं. "बाप मयतीला चाललाय की शाळेच्या सहलीला?" असं ओरडून त्यानं फोन बंद केला आणि समोरच्या खणात भिरकावला. बारावा फोन, दफन रविवारवर ढकललंय हे सांगायला होता.

अर्ध्या तासानं गाडी एका वळणावर नाक खुपसून थांबली, ती थांबलीच. दार उघडेना, म्हणून तो खिडकीतून बाहेर पडला. चारी बाजूंना पांढरं! वर आणि खाली कुठे आहे हेदेखील पायांना विचारावं लागत होतं. फोन खणातच राहिला हे त्याला शंभर पावलांवर आठवलं, आणि मागे वळून पाहतो तर गाडी दिसेना. तो तसाच चालत राहिला. दोन तास, तीन तास, कुणास ठाऊक. कोटाच्या आत कोसाराची लोकरी शाल होती, तिच्यामुळे वाचला. आणि मग धुराचा वास आला.

धूर, कुंपण, घर. दारावर काळं कापड. अंगणात चार माणसं, टोप्या काढून.

'पोचलो!' तादियाला वाटलं. बोरोवाचच्या मागच्या बाजूनं आलो, म्हणून गाव ओळखू येईना, एवढंच. तो कुणाकडे न पाहता थेट आत घुसला आणि शवपेटीवर कोसळला.

"दादा! अकरा वर्षं रे दादा! अकरा वर्षं मी तुझ्याशी बोललो नाही! चूक माझी होती, तुझी नव्हती. मला माफ कर रे!"

घरात ज्यांचे डोळे कोरडे होते तेही रडायला लागले. तादियानं भरल्या डोळ्यांनी चेहऱ्याकडे पाहिलं. अकरा वर्षांत दादानं भल्यामोठ्या मिशा ठेवल्या होत्या! आणि आपल्याला त्याचा पत्ताही नव्हता, या विचारानं तो आणखीच मोठ्यानं रडला.

मग त्याची नजर छातीवर ठेवलेल्या हातांवर गेली. लहानपणी लाकडं फोडताना विलोतियेच्या डाव्या करंगळीचं पेर उडालं होतं. इथं दहाच्या दहा बोटं शाबूत! मिशा उगवतात. बोट उगवत नाही.

तोपर्यंत मागे कुजबुज सुरू झाली होती.

"रुझा, हा कोण गं?" शेजारी क्रस्तोनं मृताच्या बायकोला विचारलं.

"दादा म्हणतोय," रुझा पुटपुटली. सत्तरी ओलांडलेली, काठीसारखी ताठ बाई. "पण आमच्या यांना भाऊ नव्हता."

"तुझे सासरे चार वर्षं समुद्राकडे रेल्वेच्या कामाला होते ना?"

"अगंबाई!"

"तरीच सुट्टीलासुद्धा घरी येत नसत!"

"आणि नाक बघा, नाक! थेट सासऱ्यांचं!"

तादियानं खुलासा करायला तोंड उघडलं, पण त्याआधीच अंगणातली माणसं ओळीनं आत आली. एकेकानं त्याचा हात हातात घेतला, गालाला गाल लावला आणि म्हटलं, "भाऊ गेला तुमचा. देव त्याच्या आत्म्याला क्षमा करो." चारही जण तेच म्हणाले. तादियानं चारही वेळा मान डोलावली. त्यातला शब्दही खोटा नव्हता. त्याचा भाऊ गेलाच होता. फक्त घर चुकलं होतं.

शेवटी स्वयंपाकघरात, प्लमच्या दारूचा पेला हातात घेऊन त्यानं सगळं कबूल केलं. हे सुहोदोल आहे, बोरोवाच डोंगराच्या पलीकडे, अकरा किलोमीटर. पेटीत ओब्राद आहे, रुझाचा नवरा. तादियाला वाटलं, आता ही बाई काठी घेऊन आपल्याला हाकलणार.

रुझानं एक मोठा श्वास सोडला. "म्हणजे सासरे निर्दोष?"

"माझ्या बाजूनं तरी."

"बरं झालं. उद्या हे वर गेल्यावर बापाशी भांडले असते." मग ती त्याच्याकडे नीट पाहत म्हणाली, "पाहुणे, एक मागू? दोन मुलगे आहेत मला. एक खाली पोदगोरित्सात, एक जर्मनीत. मीच सांगितलं, लाल इशारा आहे, पाऊल बाहेर टाकू नका. एका मयतीच्या दोन नकोत. शहाणे आहेत, ऐकलं त्यांनी. पण उद्या यांच्या उशाशी घरचा पुरुष म्हणून उभं राहायला कुणी नाही. रडलात तर तुम्ही आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त. तुम्हीच राहा उभे."

बोलता बोलता ती खिडकीपाशी गेली आणि तळहातानं काच पुसून रस्त्याकडे पाहू लागली. मुलांना येऊ नका म्हणणारी तीच, आणि दर पाच मिनिटांनी काच पुसणारीही तीच. तादियाला आठवलं, कोसाराच्या दिवशी आपणही अशीच काच पुसत होतो. आणि दादा खरंच निघाला असला तर? खरंच कुठल्यातरी वळणावर अडकला असला तर? अकरा वर्षांत हा प्रश्न त्यानं स्वतःला एकदाही विचारला नव्हता, याची त्याला लाज वाटली.

शुक्रवारी पाच माणसांनी छातीभर बर्फातून वाट काढली आणि ओब्रादला पुरलं. धर्मगुरू पोचला नव्हता, क्रस्तोला प्रार्थना जेवढी येत होती तेवढी त्यानं म्हटली. तादिया उशाशी ताठ उभा राहिला. याच वेळी पलीकडे दादालाही खाली सोडत असतील, असं मनाशी धरून त्यानं गोठलेल्या मातीची दोन ढेकळं टाकली, एक ओब्रादसाठी आणि एक त्याच्यासाठी.

शनिवारी बर्फ थांबला. तादियाच्या मुलीचा नंबर घेऊन क्रस्तो खिंडीत गेला, तिथल्या एका दगडावर चढलं की फोनला रेंज मिळायची. परत आला तो धापा टाकत.

"तुमच्या मुलीशी बोललो! जिवंत आहेत म्हणून सांगितलं. आधी रडली, मग तुमच्याबद्दल जे काही बोलली ते मी सांगत नाही, तुम्ही वयानं मोठे आहात. पण अहो, दफन व्हायचंय अजून! उद्या दुपारी! शाव्निकचा रस्ता मोकळा झालाय, सगळे त्या बाजूनं जाणार आहेत."

तादिया उठून उभा राहिला. "अकरा किलोमीटर ना? आत्ता निघालो तर..."

"डोंगरात बर्फाचे कडे कोसळताहेत," क्रस्तो म्हणाला. "कालपासून तीनदा आवाज आला. आमच्या बाजूला मंगळवारच्या आत गाडी येत नाही."

"मी चालत जातो. माझा सख्खा भाऊ आहे!"

त्यानं कोट चढवला, टोपी घातली, दाराशी गेला. बूट नव्हते! चुलीमागे पाहिलं, बाकाखाली पाहिलं, शेळ्यांच्या गोठ्यातही पाहून आला.

"बूट कुठायत माझे?"

"मी लपवलेत," रुझा सूप ढवळत म्हणाली.

"बाई, माझे बूट द्या!"

"काल एक पुरला. तुम्हाला कुठे शोधत बसू? एप्रिलमध्ये बर्फ वितळल्यावर?"

त्यानं विनवण्या केल्या, ओरडला, शेवटी ओब्रादच्या लोकरी चपला घालून अंगणात उतरलाही. सात पावलांत कमरेपर्यंत रुतला, आणि क्रस्तोनं त्याला काखेत धरून ओढून काढलं. रविवारी दुपारी, बारा वाजून गेल्यावर, तो कुंपणाशी उभा राहून डोंगराकडे तोंड करून रडला. चाळीस वर्षं परक्यांच्या मयतींना पोचलेला माणूस, सख्ख्या भावाच्या मयतीला अकरा किलोमीटर कमी पडला. रुझानं त्याच्या खांद्यावर घोंगडी टाकली आणि शेजारी उभी राहिली.

मंगळवारी बर्फ ढकलणारी गाडी आली. रुझानं बूट दिले, वर चीजचा गोळा बांधून दिला, आणि तादिया त्याच गाडीतून वळसा घालून संध्याकाळच्या आत बोरोवाचला पोचला.

आधी तो कबरीवर गेला. तिथं किती वेळ होता ते त्याचं त्यालाच माहीत. मग घरी आला. काळ्या रुमालातली स्ताना वहिनी टेबलाशी बसली होती. तो दारातच उभा राहिला.

"बरीच माणसं आली होती का, वहिनी?"

"तीनशेच्या वर. जर्मनीतले आले, बेलग्रेडचे आले. थांबा म्हटल्यावर सगळे थांबले आणि रविवारी बरोबर वेळेवर आले." वहिनीनं रुमाल सारखा केला. "सगळ्यांनी तुमचं विचारलं, भावोजी. उशाशी पहिली जागा रिकामी होती ना. मी सांगितलं, ते तर गुरुवारीच निघाले, लाल इशाऱ्यात निघाले, डोंगरात अडकलेत."

"मग?"

"कुणाचा विश्वास बसला नाही. म्हणाले, रस्ता तर मोकळा आहे. म्हणाले, अकरा वर्षांचा राग आहे, कसला येतोय."

तादियानं भिंतीला हात टेकला. 

"आणि तुमचा, वहिनी? तुमचा बसला?"

"माझा लगेच बसला. कोसाराच्या वेळी तुमच्या भावाची बस चुकली. मला न सांगता पायीच निघाले. दोन दिवसांनी लोकांनी उचलून आणलं, पायाची तीन बोटं काळीठिक्कर."

"मला कधी बोलला नाही तो."

"बोलणार होते. तुम्ही फोन ठेवलात." तिनं टेबलावरचा पाव पुढे सरकवला आणि खुर्ची ओढली. "इतके बिनडोक या घरात दोघंच होते, भावोजी. आता तुम्ही एकटेच उरलात. बसा, जेवून घ्या."