प्रधानकाकांची बीकॉम मुलगी

प्रधानकाका कोणाच्याही घरी जाताना काखेत छत्री आणि ओठांवर एक स्थळ घेऊन जात. "मुलगी बीकॉम आहे, उंच आहे, जरा चिडकी आहे," असं दारातच सुरू करत. ही मुलगी जगात कुठेच नव्हती.

काका लग्नं जमवणारे नव्हते. पनवेलच्या एका व्यसनमुक्ती केंद्रात आम्ही दोघं एकच काम करायचो. गर्द सोडून घरी गेलेली मुलं पुन्हा त्या वाटेला लागली नाहीत ना, हे घरोघरी जाऊन पाहायचं आणि तक्त्यात भरायचं. तो अहवाल दरमहा अलिबागला जिल्हा कार्यालयात जाई. शेजाऱ्यांना कळू नये म्हणून काका स्थळाचं निमित्त करत.

मी मात्र खरं तेच बोलायचो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. खोटं बोललो तर शिक्षण वाया जाईल, असं मला वाटे. "केंद्रातून आलोय," म्हटलं की दार बंद. आमच्याच नेरे गावात एक मावशी ओरडली, "तसला कोनी नाय आमच्यात! थांब, तुज्या बापाला सांगते!" दुसऱ्या दिवशी त्याच घरात काकांना गरम भाकरी आणि सुकट मिळाली. मुलगा झोपतो किती, जेवतो किती, सगळी माहितीही मिळाली.

मला काकांचा भयंकर हेवा वाटायचा. त्यांचे तक्ते गच्च, माझे कोरे. त्यात केंद्राच्या डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या की जूनपासून दोघांपैकी एकालाच ठेवता येईल. "काकांकडून शीक जरा," त्या म्हणत. काय शिकणार? खांदा कॉलनीत बायका त्यांना रस्त्यात अडवून खऱ्या मुलींचे फोटो देत. "आमच्या पमीचं बघा ना, काका!" काका चष्मा पुसून फोटो बघत. "गोड आहे हो. पण आमचा मुलगा जरा चिडका आहे."

एप्रिलच्या यादीत नवीन पनवेलचं एक घर आलं. काका म्हणाले, "हे तू कर. तिथे माझी डाळ शिजत नाही."

मला इतका आनंद झाला की मी नावसुद्धा नीट वाचलं नाही.

दार एका तरुणाने उघडलं. मी भीत भीत म्हणालो, "केंद्रातून आलोय."

तो हसला. "या. खरं सांगून येणारे तुम्हीच पहिले. मी प्रधान. तुमच्या काकांचा मुलगा."

मी बसलो तेव्हा तोच सांगू लागला. "बाबांनी मला मुलगी बघायला जायचंय म्हणून नवा शर्ट घालायला लावला, आणि केंद्रात सोडून आले. बरा झालो, नाही असं नाही. पण वाटभर मी तिच्याशी काय बोलायचं याचा विचार करत होतो हो. तेव्हापासून त्यांना या घरात घेतलं नाही."

मग त्याने माझ्या सगळ्या प्रश्नांची सरळ उत्तरं दिली. माझा तक्ता पहिल्यांदाच गच्च भरला. तोवर त्याची रांगती मुलगी माझ्या पायांशी खेळत होती.

बाहेर आलो तर काका कोपऱ्यावर उन्हात उभे होते. मी कागद पुढे केला. त्यांनी तो पाहिलाच नाही.

"नात दिसली?"

"दिसली."

"दात आले का रे तिला?"

"खालचे दोन. माझं बोट चावलं तिने."

"कुठलं?"

मी बोट पुढे केलं. काकांनी ते दोन्ही हातांत धरलं आणि चष्मा कपाळावर चढवून पाहत राहिले. त्यांच्या नजरेत काय होतं ते मला लगेच कळलं. वर्षभर मी त्यांच्याकडे तसाच पाहत आलो होतो.