जिलबीचे फोटो वर जाणे बंद करणेबाबत

“गुरुजी, फोटो न्हाई तर काम झालंच न्हाई.”

बारा वर्षांपूर्वी भोकरच्या एका प्रशिक्षणात कुण्या साहेबांनी हे सांगितलं आणि नरसिंग गुरुजींच्या कानात ते जात्यावरच्या ओवीसारखं बसलं. ज्याचा फोटो आहे तेवढंच जगात घडलेलं असतं, हे सत्य मुखेड तालुक्यातल्या त्यांच्या दोनखोली शाळेनं मनोभावे पाळलं. पोरांनी हात लावायच्या आधी खिचडीचा फोटो. धुतलेल्या हातांचा फोटो. न धुतलेल्या हातांचा फोटो (तुलनेसाठी). वृक्षारोपणाचा फोटो, त्यात खड्डा सहा वर्षं तोच, रोप दरसाल नवं आणि गुरुजींचे केस दरसाल कमी. गेल्या वर्षाची आकडेवारी अशी : खिचडी २१८, शौचालयाचं दार १९४, घरची माणसं ९ (पैकी अंगठा मधे आलेले ४).

जिलबी १४३.

जिलबीबाबत सविस्तर खुलासा असा की, तीन वर्षांपूर्वी गुरुजींना शुगर निघाली. त्याच दिवशी त्यांच्या बायकोनं, चांगुणाबाईंनी, स्वतःच्याही चहातली साखर सोडली. “तुमी फिका पिणार अन् मी गोड, मला गिळायचं न्हाई ते,” एवढंच म्हणाल्या. अशा बाईशी खोटं बोलणं शोभत नाही, म्हणून गुरुजी काही बोलतच नसत. शाळा सुटली की एसटीनं मुखेडला उतरायचं आणि केवळाबाईच्या गाड्यावर जिलबी खायची. तिथंही आधी फोटो (तारीख, वेळ व स्थळासह). फोटोशिवाय घास घशाखाली उतरेचना, त्याला गुरुजी तरी काय करणार? नवल म्हणजे दर तपासणीत शुगर आटोक्यात. डॉक्टर पाठ थोपटत. गुरुजी ते आपल्या संयमाचं फळ म्हणून नम्रपणे स्वीकारत.

मग एके दिवशी लातूरला शिकणाऱ्या लेकीचा, लुंबिनीचा, फोन आला.

“पप्पा, आज चार जिलब्या?”

घरातले तिन्ही मोबाईल तिनंच मागे एका खात्याला जोडून दिले होते. कुठल्याही मोबाईलवर काढलेला फोटो आपोआप वर जायचा आणि तिघांनाही दिसायचा.

“मम्मीच्या मोबाईलवर बी?” गुरुजींनी विचारलं.

“हाव. पण ती कुठं बघून राहिली! तिला निस्ता फोन उचलता येतो.”

ती बघायला शिकण्याआधीच गुरुजींनी एकसदस्यीय समिती नेमली. बुधवारी मधल्या सुट्टीत समितीनं प्रथम जुन्या समस्त जिलब्या पुसल्या. एका मोबाईलवरून पुसल्या की तिन्हींवरून जातात, हे या व्यवस्थेचं औदार्य. मग फोटो वर जाणं बंद केलं. मोबाईलनं विचारलं, नक्की? आठवणी हरवू शकतात. समितीनं ‘हो’ दाबलं आणि बंद केल्याचा पुरावा म्हणून स्क्रीनशॉट काढला. तो कुठंच गेला नाही. त्या संध्याकाळी गुरुजींनी निर्धास्तपणे सहा जिलब्या खाल्ल्या.

आणि घरही जणू उजळलं. ताटात भात आला. दुसऱ्या दिवशी बटाट्याचा रस्सा, तिसऱ्या दिवशी वर साबुदाण्याचे पापड. लपवालपवी संपली की संसारात बरकत येते, असा निष्कर्ष समितीनं नोंदवला.

नवव्या दिवशी तपासणीत शुगर तीनशे चाळीस निघाली. डॉक्टरांनी पाठ थोपटली नाही. रोज इन्सुलिन टोचून घ्यावं लागेल म्हणाले.

चांगुणाबाईंनी रिपोर्ट हातात घेतला. आकड्यावर बोट ठेवलं. मग चटईवर टेकल्या.

“किती खाल्ल्या?”

“रोज सहा.”

“मला दिसल्या न्हाईत.”

गुरुजींनी मोबाईल खिशात खोल सारला.

“तीन साल बघून राहिले मी. दोन दिसल्या की भात टाकायचा न्हाई. चार दिसल्या की एकच भाकर अन् कारलं. तुमाला चोरी उघडी पडल्याची लाज वाटंल, म्हनून बोलले न्हाई.”

(इथं हसण्याआधी वाचकांनी, काल रात्री आपल्या ताटात काय कमी होतं, ते कृपया आठवून पाहावं.)

“अन् आता फोटो यायचे थांबले, जुने बी गेले,” चांगुणाबाई म्हणाल्या. “मला वाटलं, माणूस सुधारलं. म्हनून हरकून भात वाढत होते.”